हेड पॅकिंग गेलं नाही, आपण घालवलं



पंधरा दिवसांपूर्वी पिकअपचं इंजिन घोडीला टांगलेला फोटो टाकला होता. टोमॅटोच्या करप्यावर मी एवढं लिहितो, त्यावर दहा जण बोलतात. या एका फोटोवर अख्खा तालुका बोलला. "शेती सोडली का भाऊ?" "ज्याचं काम त्याला करू द्या." "भंगारवाल्याचा नंबर पाठवू का?" ज्याच्या सल्ल्याने मी फवारणीचं वेळापत्रक ठरवतो त्या कृषी पदवीधर मित्राने तर फोन करून सांगितलं, की हंगामात शेतकऱ्याने नऊ दिवस इंजिनात घालवणं हे चुकीचं व्यवस्थापन आहे.

तर ते नऊ दिवस का घालवले ते सांगतो. आणि सांगता सांगता तुमच्यावरचा थोडा रागही काढतो, माझ्यावरचा धरून.

सुरुवात मे महिन्यात झाली. ६० कॅरेट टोमॅटो घेऊन संगमनेरहून नारायणगावला निघालो होतो. चंदनापुरी घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला. घाटाच्या माथ्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. लिलाव चुकेल म्हणून घारगावच्या अलीकडेपर्यंत तशीच दामटली. तिथे बोनेटमधून वाफ आली, इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी ओढेना. वरून मी काय केलं, तर ढाब्यावरून बादली आणली आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं. हेड तडकायला यापेक्षा चांगला उपाय नाही. नशीब, तडकलं नाही.

माल दुसऱ्याच्या गाडीत भरून दिला. गाडी टोचन करून गॅरेजला नेली. हेड पॅकिंग गेलं होतं, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मध्ये असतं ते गॅस्केट. एका दिवसात नवीन बसवून मिळालं. बिल ८,५०० रुपये. संध्याकाळी गाडी घरी. मी खुश, गॅरेजवाला खुश.

चार महिन्यांत तेच पॅकिंग परत गेलं. या वेळी घाट नाही, ओझं नाही. सकाळी गार इंजिन चालू केलं तर मिनिटभरात रेडिएटरची वरची नळी लाकडासारखी कडक. पाणी गरम व्हायच्या आत नळी कडक झाली म्हणजे सिलेंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. इंजिन बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन, झाकण उघडलं आणि पोराला सेल मारायला सांगितला. आत बुडबुडे. ऑईलची पट्टी काढली तर दुधाचा चहा.

आता इथे माझं म्हणणं ऐका. पॅकिंग हे फ्यूजसारखं आहे. फ्यूज उडाला की आपण विचारतो, कुठे शॉर्ट झालं? मोटर जाम आहे का? फेज गेला का? हेड पॅकिंग उडालं की मात्र कोणी काही विचारत नाही. नवीन टाका, गाडी काढा. पहिल्या वेळी हेडवर पट्टी ठेवून कोणी पाहिलं नाही, ते वाकलंय का. रेडिएटर कोणी उघडला नाही. उलट "गाडी तापते ना, वॉल काढून टाकलाय" असं मला मोठ्या प्रेमाने सांगितलं गेलं. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. आणि मीही मान डोलावली, कारण मला संध्याकाळी गाडी पाहिजे होती.

थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा सर्वांत लाडका अडाणीपणा आहे. तो असतो इंजिनाला ठरलेल्या गरमीवर ठेवायला. काढला की थंडीत इंजिन गारच फिरतं, डिझेल नीट जळत नाही, ऑईल घट्ट राहतं, झीज वाढते. आणि उन्हाळ्यात फायदा होतो म्हणावं, तर काही इंजिनांत तोच वॉल गरम झाल्यावर बायपासची वाटही बंद करतो. वॉल नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाता गोल गोल फिरत राहतं. म्हणजे ज्या आजारावर काढला, तोच वाढला.

दुसऱ्यांदा ठरवलं, घरी काढायचं.

आधी एक स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणी माझं बघून इंजिन उतरवेल. चार सिलेंडर सरळ ओळीत असलेल्या आपल्या बहुतेक गाड्यांचं आणि ट्रॅक्टरचं हेड काढायला इंजिन खाली घ्यावं लागत नाही. जागेवर निघतं. मी उतरवलं दोन कारणांनी. ऑईलमध्ये पाणी गेलं होतं, त्यामुळे खालचे बेअरिंग बघायचे होते. आणि ब्लॉकच्या आतली पाण्याची पोकळी साफ करायची होती. त्यासाठी ब्लॉकची गोल पत्र्याची बुचं काढावी लागतात, आणि माझ्या इंजिनाचं एक बूच मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. गाडीत ठेवून तिथे हात जात नाही.

घोडी तीच, बोअरमधली मोटर काढायला वापरतो ती. तीन पाय, वर चेन ब्लॉक. चार सिलेंडरचं डिझेल इंजिन दोनशे किलोच्या वर जातं. झाडाच्या फांदीला किंवा शेडच्या कैचीला टांगू नका. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, पोरगं काहीही जाऊ देऊ नका. मी बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, सगळ्या वायरींना चिकटपट्टी लावून नंबर घातले, पुशरॉड ज्या छिद्रातून निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले. माझ्या इंजिनात टायमिंगचा पट्टा नाही, गिअर आहेत, म्हणून ते काम सोपं गेलं. पट्ट्याचं इंजिन असेल तर खुणा जुळवता येत असतील तरच हात घाला.

जुनं कूलंट निघालं तर झाकणाच्या डब्यात भरा. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं पितं, वासरू पितं, आणि दगावतं. ही एक गोष्ट फोटोखाली शंभर जणांपैकी एकानेही विचारली नाही. माझ्या गाडीतून अर्थात कूलंट निघालंच नाही. निघालं ते गंजाचं लाल पाणी.

आता मुद्द्याची गोष्ट. पॅकिंग जळालं होतं तीन आणि चार नंबर सिलेंडरच्या मधल्या पट्टीत. म्हणजे वॉटर पंपापासून सगळ्यात लांब, मागच्या बाजूला. मागचं बूच काढलं तर पाणी आलं नाही. चिखल आला. गंज आणि पांढरा थर, मिळून झालेला दगडी चिखल. स्क्रू ड्रायव्हरने टोकरून काढला, तगारीचा तळ झाकला. पाणी फिरायचं त्या जागी हा बसला होता. मग मागचे दोन सिलेंडर गार कसे होणार? आणि नुसतं पॅकिंग बदलून काय होणार होतं?

तो पांढरा थर मी ओळखला. तुम्हीही ओळखाल. ड्रीपच्या नळीच्या तोंडाला बसतो तोच.

माझ्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट घरात फाईलला लावलेला आहे. ईसी १.८, बायकार्बोनेट जास्त. तो रिपोर्ट बघून मी ड्रीपला ॲसिड सोडतो, फवारणीच्या पाण्याचा सामू बघतो, खताच्या टाकीत काय मिसळू नये ते पाठ आहे. हे सगळं मला कृषीवाल्यांनीच शिकवलं, त्याबद्दल उपकार आहेत. आणि तोच मी, तीच विहीर, त्याच विहिरीच्या नळाला पाईप लावून सात वर्षं रेडिएटर भरत आलो. दोन रुपयांचा ड्रीपर चोक होऊ नये म्हणून प्रयोगशाळा, आणि लाखाच्या इंजिनाला "पाणीच तर आहे".

पाणी तापलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन धातूवर थर बसतो, जिथे सगळ्यात जास्त गरम तिथे सगळ्यात जास्त. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी सोडतो. वाफ उडाली की आपण वरून परत विहिरीचं पाणी भरतो. वाफेबरोबर क्षार उडत नाहीत, ते आतच राहतात. दर वेळी थोडं मीठ आणखी. जमीन खारवट कशी होते हे ज्याला कळतं, त्याला हे समजवायला पाच मिनिटं पुरतील. कृषीवाल्या मित्रांनो, ती पाच मिनिटं तुमच्या कोणत्याच मेळाव्यात का नसतात? यंत्रावर बोलायची वेळ आली की तुम्ही अनुदानाचे फॉर्म वाटता. शेतकऱ्याच्या घरात जमिनीनंतरची सगळ्यात महाग वस्तू बहुतेक वेळा इंजिनावर चालणारी असते, मग ते ट्रॅक्टर असो, पिकअप असो की ब्लोअर ओढणारं छोटं ट्रॅक्टर. तिच्या पाण्याचं परीक्षण कोणाच्या विषयात येत नाही.

आमचे थोरले चुलते, तात्या, खाटेवर बसून नऊ दिवस हे बघत होते. त्यांच्या काळी विहिरीवर किर्लोस्करचं ऑईल इंजिन होतं. त्याचं हेड ते स्वतः काढायचे, काजळी खरवडायचे, पॅकिंग बसवायचे, आणि दुपारच्या आत पाणी चालू. त्यांना कोणी विचारलं नाही शेती सोडली का म्हणून. तेव्हा ते शेतीतलंच काम होतं. आता इंजिन बोनेटखाली गेलं आणि आपण हात झटकले.

इथे काही जण म्हणतील, तात्यांच्या इंजिनातही विहिरीचंच पाणी फिरायचं की. फिरायचं, पण एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने पाटात. पाणी कोमट होऊन निघून जायचं, उकळायचं नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्या तिथे नव्हत्याच. आणि तरी थर बसायचाच. हेड काढलं की पाण्याच्या वाटा तारेने साफ केल्याशिवाय तात्या बसवत नसत. ते त्यांनी मला लहानपणी दाखवलं होतं. मीच विसरलो.

साफसफाई अशी केली. बुचं काढून, टोकरून, मग लिंबूसत्वाचं कोमट पाणी ब्लॉकमध्ये रात्रभर, मग एचटीपी पंपाने धुतलं. पंप आणि पाईप आधी तीनदा स्वच्छ केले, औषधाचा अंश नको म्हणून. ब्लॉक लोखंडी आहे म्हणून लिंबूसत्व चाललं. ड्रीपचं ॲसिड इंजिनात ओतू नका, ते थराबरोबर धातूही खातं, आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल तर वाटच लावेल. रेडिएटरवर मात्र एचटीपी मारू नका, पत्र्या वाकतात. तो उघडून रॉडिंग करायला दिला. कारागिराने दाखवलं, तिसरा हिस्सा नळ्या बंद होत्या. बाहेरच्या पत्र्यांमध्ये कांद्याची टरफलं आणि उसाचं पाचट, ते वेगळंच.

हेड लेथवाल्याकडे नेलं. त्याच्याकडची सरळ पट्टी हेडवर ठेवून खाली फिलर गेज सरकवलं, तेच जे टॅपेटला वापरतात. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात हद्द ०.०५ एमएम आहे. तीन आणि चारच्या मध्ये ०.१५ चं पान आरामात गेलं. तर मंडळी, पहिल्या वेळी नवीन कोरं पॅकिंग या वाकड्या हेडखाली दाबलं होतं. ते चार महिने टिकलं हेच आश्चर्य. हे पाहायला दहा मिनिटं लागतात. दहाच.

आधी पाण्याच्या दाबाने टेस्टिंग करून घेतलं, तडा आहे का ते कळायला. तडकलेल्या हेडचं फेसिंग करून उपयोग नाही. मग फेसिंग, तेही जेवढं लागेल तेवढंच. डिझेलमध्ये पिस्टन आणि वॉल्व्हमध्ये जागा फार कमी असते. बऱ्याच डिझेल इंजिनांची पॅकिंग वेगवेगळ्या जाडीची येतात, कडेला खाचा किंवा छिद्रं असतात त्यावरून जाडी ओळखायची. दुकानदार "हेच बसतं" म्हणाला तरी जुनं सोबत नेऊन खाचा जुळवा.

बसवताना एक चूक माझ्याकडून होता होता राहिली. ब्लॉक धुतल्यावर बोल्टच्या भोकांत पाणी साचलं होतं. तळबंद भोकात पाणी किंवा ऑईल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला की द्रवाला जायला जागा नसते. बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, हेड दाबलेलं नसतं, आणि जास्त जोर लावला तर ब्लॉकच फुटतो. तात्यांनीच विचारलं, "भोकं कोरडी केली का रे?" हवा मारून, कापडाने पुसून कोरडी केली. मग बोल्ट मधून बाहेर, गोल गोल, पुस्तकातल्या क्रमाने, तीन टप्प्यांत. टॉर्क पान्याने. काढतानाही उलट क्रमाने काढायचे असतात, बाहेरून मध्ये, नाहीतर चांगलं हेडही वाकतं. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा आपला अंदाज टॉर्क पान्यावर तपासून बघावा. मी बघितला. दोन बोल्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. आणि काही इंजिनांचे बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. मी नवीनच टाकले.

नवीन थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटरचं झाकण बदललं, जुन्याचं रबर चिरलेलं होतं. ते झाकण म्हणजे नुसतं बूच नाही. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभरला न उकळता साधारण ११८ अंशांपर्यंत तग धरतं. दाब सुटला की घाटात शंभरलाच उकळी. आत तयार मिसळलेलं कूलंट भरलं. कॅनमधलं घट्ट कूलंट घेतलं तर त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, विहीर-बोअर नको. थंडीत पाणी गोठत नाही म्हणून आपल्याला कूलंट लागत नाही, असं म्हणणारे खूप आहेत. आपल्याला ते गंज आणि थर थांबवायला लागतं.

आता पैशाचं. मला घरी स्वस्त पडलं असं मी म्हणत नाही. पॅकिंग सेट, बोल्ट, बेअरिंग (दोन शेल काळवंडले होते, सगळा सेट बदलला), टेस्टिंग, फेसिंग, रॉडिंग, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट, ऑईल, फिल्टर मिळून १९,२०० रुपये गेले. त्यात दोन खेपा भाड्याच्या गाडीने केल्या. गॅरेजच्या ८,५०० च्या दुप्पट. म्हणून माझा मित्र व्यवस्थापन चुकलं म्हणतो. पण ८,५०० चं काम चार महिने टिकलं, आणि त्या चार महिन्यांत ऑईलमध्ये पाणी जाऊन बेअरिंग खराब झाले. तो खर्च त्याच ८,५०० च्या पोटातून आलाय. हे कोणत्या रकान्यात लिहायचं, ते त्याने सांगावं.

सगळ्या मेकॅनिकांना मी शिव्या देत नाहीये. चांगला मेकॅनिक पट्टी लावतोच. पण जो लावत नाही त्याला आपण भाग पाडत नाही, कारण आपण संध्याकाळी गाडी मागतो आणि हजार रुपये कमी करायला सांगतो. मग तो फेसिंगचेच कमी करतो. तुमच्याकडे नऊ दिवस नसतील, जागा नसेल, हात बसलेला नसेल, तर खुशाल गॅरेजला द्या. फक्त तिथे उभे राहा. हेडवर पट्टी लावताना बघा, टेस्टिंगची पावती मागा, बोल्ट टॉर्क पान्याने आवळायला लावा, वॉल परत बसवायला लावा. आणि पाणी कुठलं भरताय ते विचारा. मेव्हण्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाव्हणं, गॅरेजवाल्याला राग येईल." येऊ द्या. व्यापारी काट्यावर दीड किलो कापतो तेव्हा आपण नाही का बोलत?

गाडी चालू करून तीन आठवडे झाले. परवा ५५ कॅरेट घेऊन चंदनापुरी चढलो, काटा मधोमध. माथ्यावर तरी थांबलो, बोनेट उघडून बघितलं. सवय लागलीय आता.

पठारावरच्या दोघांनी घोडी मागितलीय, ज्यांना पाहिजे त्यांनी न्या. चेन ब्लॉक परत देताना साखळीला ऑईल लावून द्या. टॉर्क पाना मात्र बाहेर जाणार नाही, इथे येऊन वापरा.